ढगाआडच्या उल्का

१८ नोव्हेंबर

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चिमीने तुला फोनवर तेवढं सांगितलं असेलच, पण मी स्वतः बोलले नाही म्हणून तू फुरंगटून बसली असणार. काय करू, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिल्यावर आता फोन कानाला लावला की मला ड्युटीवर असल्यासारखंच वाटतं. मधेच तीन मिनिटं झाली असं सांगून मी तुझी लाइन तोडायची. पत्रात कसं, मनसोक्त बोलता येतं आणि तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझी लेक चिमी बाळंतपणातून छान सावरली आहे. पुढच्या महिन्यात दातांच्या दवाखान्यात अर्धा दिवस कामाला जायला लागेन म्हणते. नात थेट तुझ्या वळणावर गेली आहे. नाक तुझं, कपाळ तुझं आणि आवाज तर तुझाच. घरात तिला सगळे भोंगा म्हणतात. भोंगा दिवसा गाढ झोपतो आणि दिवे मालवले की वाजायला लागतो. जावईबापूंची पावाच्या कारखान्यात रात्रपाळी, चिमी दमलेली, तेव्हा रात्रीचा पहारा आपसूक माझ्याकडे आला. खोलीत फिरवलं तर ऐकत नाही. गच्चीवर नेलं की गप्प.

आणि वहिनी, विषुववृत्ताच्या खालचं हे आभाळ उलटं आहे. मला आधी वाटलं प्रवासाने डोकं फिरलं. चंद्रावरचा ससा पाय वर करून पडलेला. मृग नक्षत्र शीर्षासन घालून उभं. लहानपणी दादाने मला गच्चीवर एकेक तारा बोट धरून दाखवला होता, त्यातला निम्मा संसार इथे विस्कटून ठेवलाय. ध्रुव तर नाहीच. उत्तरेकडे पाहिलं तर समोरच्या पाण्याच्या टाक्या. मात्र आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम डोकावणारा अगस्ती इथे पार वर चढलेला असतो, आणि त्याच्या खाली ढगाचे दोन पुंजके दिसतात. मी दोन रात्री ते ढग कधी सरकतात याची वाट पाहिली. ते सरकत नाहीत. ते ताऱ्यांचेच आहेत असं चिमीच्या पुस्तकात निघालं.

शेजारच्या घराची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे, मधे कमरेएवढी भिंत. पलीकडे कुणीतरी कपडे वाळत घालायला चांगली ऐसपैस दांडी उभी केली आहे, आडव्या सळयांची. तिचं एक टोक आमच्याकडे येतं. भोंग्याचे लंगोट मी त्यावरच टाकते. मस्त वाळतात.

शिवणाच्या दुकानात एकटीने फार ओढू नकोस. रात्री भाजी गरम करून खा, नुसतं बिस्किटावर भागवू नकोस. लोभ आहे तो आहेच, त्याला आता विमानाने यावं लागेल इतकंच.

तुझी,
वन्सं


१० डिसेंबर

प्रिय वन्सं,
कृ. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगाखाली होते. एकाच मापाची मुलं आई-बापांना होत नाहीत, ही शिंप्यांची जुनी तक्रार तुम्हाला माहीत आहेच. काज-बटणवाल्या मावशींना पत्र वाचून दाखवलं. त्यांना ससा पाय वर करून पडलाय हे फार आवडलं. त्या दिवसभर हसत होत्या आणि दोन शर्टांना काजं उलट्या बाजूला करून बसल्या. हे नुकसान तुमच्या नावावर.

भोंग्याचा आवाज माझा, असं म्हणता. बरं. तुम्ही गेल्यापासून माझा आवाज घरात वाया चालला आहे. रागवायला कुणी नाही. सकाळी पेपर कुणी मोठ्याने वाचत नाही, त्यामुळे जगात काय चाललंय ते मला संध्याकाळी गिऱ्हाइकांकडून कळतं. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. त्या गुडघ्यापायीच तुम्हाला पाठवावं लागलं, नाहीतर नातीला पहिल्यांदा मीच घेतलं असतं, हे तिला मोठी झाल्यावर नीट समजावून सांगा.

आता मुद्द्याचं. दुसऱ्याच्या दांडीवर लंगोट वाळत घालण्याआधी विचारलंत का? ती दांडी आहे हे तरी कुणाला विचारलंत का? मला शंका येते. कपडे वाळत घालायला कुणी एवढ्या सळया लावत नाही. शेजारी कोण राहतं ते कळवा. बाई असेल तर माफी मागा. पुरुष असेल तर आधी माफी मागा आणि मग मला सविस्तर लिहा.

मेच्या शेवटी तुमचं परतीचं तिकीट आहे हे लक्षात ठेवून लोभ करावा. तिकडे सगळा खर्चून येऊ नये.

तुमची,
वहिनी


२२ डिसेंबर

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

तू खिडकीतून बघत होतीस का? ती दांडी नव्हतीच. ती एरियल होती.

शेजारी एक रेडिओवाले राहतात. खाली रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ कोण दुरुस्त करतं म्हणा, लोक मिक्सर आणि चार्जर आणून टाकतात, पण पाटीवर अजून रेडिओच आहे. साठी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलंबाळं नाहीत. पणजोबा आपल्याकडून इथे आलेले, म्हणून आपलीच भाषा बोलतात. एका संध्याकाळी ते भिंतीशी आले आणि फार संकोचाने म्हणाले की तीन आठवडे त्यांना उल्का नीट ऐकू येत नाहीयेत, आणि त्यांना वाटतं की त्याला कारण लंगोट असावेत.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. उल्का दिसतात, ऐकू कशा येतील? ते म्हणाले की येत्या आठवड्यात मिथुन राशीतून उल्का पडणार आहेत, तेव्हा ऐकायलाच या. ज्या रात्री सगळ्यात जास्त पडायच्या त्या रात्री आभाळ गच्च भरलं. एक तारा दिसेना. मी भोंग्याला घेऊन खाली परतणार, तोवर त्यांनी भिंतीवर रेडिओ आणून ठेवला आणि ढगांचं काही बिघडत नाही म्हणाले.

त्यांनी लावून ठेवलेलं स्टेशन इतक्या लांबच्या शहरातलं असतं की एरवी ते इथवर पोचतच नाही. नुसती खरखर. पण वर उल्का जळून गेली की हवेत तिची रेघ क्षणभर राहते, आणि त्या रेघेवर आपटून त्या स्टेशनचा आवाज इकडे येतो. तू डोळ्यांपुढे आण. काळाकुट्ट ढग, कडेवर पेंगलेला भोंगा, रेडिओची खरखर, आणि मधेच कुठूनतरी एका बाईच्या गाण्याचा इवलासा तुकडा. लगेच परत खरखर. मग बातम्या देणाऱ्याचा अर्धा शब्द. मग टण्ण असं काहीतरी, चमचा पेल्याला लागल्यासारखं. त्या प्रत्येक आवाजामागे वर एक उल्का विझलेली असते.

एक्स्चेंजमध्ये दोन लाइनी चिकटल्या की कुणाचं तरी अर्धं वाक्य असंच कानावर पडायचं. पुढे काय झालं ते कधी कळायचं नाही. मी प्रत्येक आवाजाला सवयीने हं म्हणत होते, आणि रेडिओवाले माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं की यातल्या निम्म्या जागी मला तर काहीच ऐकू आलं नाही, तुम्ही हं कशाला म्हणता? मी म्हटलं, आलं की.

लंगोट आता स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळतात. माझा नमस्कार मशीनलाही सांग. लोभाची खरखर चालूच आहे, मधेमधे आवाज येऊ दे.

तुझी,
वन्सं


१४ जानेवारी

प्रिय वन्सं,
कृ. न. वि. वि.

उल्कांच्या पत्रानंतरची तुमची दोन्ही पत्रं मिळाली. मी कापडासारखी ती मोजून पाहिली. नातीला चार बोटं जागा आहे. लेकीला एक वीत. जावईबापू कडेच्या शिवणीत गेलेत. बाकी सगळा पन्हा रेडिओवाल्यांचा.

त्यांच्या दुकानाला काचेचं दार आहे हे मला कळलं. त्यांच्याकडे अजून जुने व्हॉल्व्ह खोक्यात कापूस घालून ठेवलेले आहेत हे कळलं. भोंग्याची गाडी काउंटरच्या आत बरोबर मावते हेही कळलं. उल्का दिवसाही पडत असतात, त्या उन्हात दिसत नाहीत पण रेडिओवर ऐकू येतात, म्हणून तुम्ही आता भर दुपारी दुकानात बसून हं हं करता आणि ते कागदावर रेघा ओढतात, हेही समजलं. समोरचा केशकर्तनवाला तुम्हाला काय समजतो, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

काज-बटणवाल्या मावशींचं म्हणणं की हे प्रकरण वाटतं तितकं आकाशातलं नाही. मी त्यांना दटावलं. माझ्या वन्सं सरळ बाई आहेत, त्यांना उल्का आवडतात, असं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की उल्का आपल्याकडेही पडतात, तेव्हा कधी गच्चीवर गेल्या होत्या का? तो प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे. उत्तर सुचलं तर कळवा.

इकडे थंडी बरी आहे. तुमची शाल मी वापरते, ती आता माझ्या मापाची झाली आहे. लोभ वाढवावा, पण कुठल्या दिशेला तेवढं पाहून.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन भोंग्याने चघळली असं सांगेन, पण खरं म्हणजे मीच फाडली.

रेडिओवाल्यांचा उजवा कान कधीच गेला आहे. डावाही आता साथ सोडतोय. गेली वीसेक वर्षं ते उल्का मोजून दुसऱ्या शहरातल्या हौशी तारे-निरीक्षकांच्या आकाश-मंडळाला आकडे पाठवतात. हल्ली त्यांचे आकडे कमी यायला लागले, तेव्हा मंडळाने पत्र लिहून विचारलं की उल्का कमी झाल्या की तुम्ही? त्यांनी ते हसत हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर रेडिओची काच उगाच पुसत बसले. म्हणून मी दुपारी जाऊन बसते. बारीक आवाज असतात ते मी टिपते. त्यांचे आकडे आता पूर्ववत झाले आहेत.

एवढंच असतं तर तीन वेळा लिहावं लागलं नसतं. परवा ते माझ्याकडे पाठ करून कसल्याशा तारेला डाग देत होते आणि तसेच पाठमोरे म्हणाले की मेनंतर तुम्ही गेलात तर दुकानात फार शांत होईल. मी म्हटलं, तुम्हाला तर ऐकू येत नाही, शांत काय नि गोंगाट काय. ते म्हणाले, ही शांतता येईल. मग सोल्डरिंग गन खाली ठेवली, माझ्याकडे वळले, आणि लग्न करून इथेच राहाल का असं विचारलं. धड कपडेही नव्हते अंगावर, म्हणजे होते, पण त्याला तू कपडे म्हणाली नसतीस. कोपराला उसवलेला शर्ट.

वहिनी, मी एकसष्ट वर्षांची बाई. पहिल्या दिवशी स्विचबोर्डसमोर बसवलं होतं तेव्हा कुठली तार कुठे खुपसायची ते कळत नव्हतं, तसंच झालं. तेवढ्यात भोंग्याने टाहो फोडला म्हणून सुटले.

चिमीला सांगितलं. ती नाचायचीच बाकी आहे. पण मला तुझं हवंय. दादा गेल्यापासून आपण दोघींनी एका ताटात जेवल्यासारखे दिवस काढले. मी इथे राहिले तर तू तिकडे एकटी. तू नको म्हणालीस तर विषय संपला; मी मेच्या तिकिटाने परत येईन आणि पुन्हा याचं नाव काढणार नाही. मनापासून लिही, माझं मन राखायला लिहू नकोस.

लोभ असो अथवा राग, पत्राने कळव.

तुझी,
वन्सं


८ मार्च

प्रिय वन्सं,
कृ. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी नको म्हणायची कोण? तुमचं आयुष्य, तुमचा निर्णय.

एकच विचारते, राग मानू नका. त्यांना बायको हवी आहे की कान? तुम्ही एकसष्टच्या. उद्या तुम्हालाही ऐकू येईनासं झालं तर त्या दुकानात तुमचं काय काम उरेल, याचा विचार केलात का?

इकडे सगळं ठीक. गुडघा ठीक. कामाची घाई आहे म्हणून आवरते.

वहिनी


२६ मार्च

ति. आईस,
शि. सा. न.

आई, मी तुझ्यावर चिडले आहे, पण आधी काय झालं ते सांगते.

आत्या तुझं प्रत्येक पत्र गच्चीवर मोठ्याने वाचते. पेपर वाचायची तशी. भिंतीपलीकडे रेडिओवाले खुर्ची टाकून बसतात. तुझी पन्ह्याची गंमत त्यांना इतकी आवडली होती की ती ते गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते. तर हेही पत्र तिने तसंच उघडून वाचायला घेतलं. नेमकं ते वाक्य आलं आणि ती मधेच थांबली. पण वाक्य वाचून झालं होतं. ज्या माणसाला शेजारून जाणारी गाडी ऐकू येत नाही, त्याला तेवढं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी खुर्ची मिटली आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी एरियल उतरवलेली दिसली. दुकान उघडत होतं, पण रेडिओ बंद. आत्या दुपारी गेली नाही. ती रडली वगैरे नाही. तिने घरातले सगळे लंगोट पुन्हा धुतले, धुतलेलेसुद्धा. भोंग्याच्या बाबाने तिला कारखान्यातून गरम पाव आणून दिला तर म्हणाली, वहिनीचं काही चुकलं नाही रे, जे विचारायचं ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

असा आठवडा गेला. मग रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. रेडिओवाले समोरून आले, भिंतीवरून नाही. इस्त्रीचा शर्ट, आणि दोन्ही कानांत मशीन. आई, त्यांना मशीन लावा म्हणून सगळी गल्ली कित्येक वर्षं सांगत होती, ते ऐकत नव्हते. ऐकण्याचं काम करणाऱ्या माणसाने मशीन लावायचं म्हणजे त्यांना हार वाटायची. आत येऊन बसले. म्हणाले की आकाश-मंडळाला त्यांनी कळवून टाकलं आहे, यापुढे माझ्याकडून आकडे येणार नाहीत. रेडिओ कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. मशीनने एवढं ऐकू येतं की घरातलं माणूस हाक मारेल ती कळावी. उल्कांचे बारीक आवाज त्यात येत नाहीत, आणि आता ते यायची गरजही उरली नाही. शेवटी म्हणाले, म्हणजे आता मला कुणाच्या कानांची गरज नाही, आणि म्हणून पुन्हा एकदा विचारायला आलो आहे.

आत्या उठून आत पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. तेव्हा ते मला म्हणाले की उत्तर तिच्या वहिनींनी पाठवलं तरी चालेल, प्रश्न त्यांचा होता आणि तो बरोबर होता.

आत्याने त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. तू हो म्हणाल्याशिवाय ती म्हणणार नाही, मला माहीत आहे. आई, तू घरात एकटी पडशील याची मलाही काळजी आहे. पण ती गोष्ट त्या प्रश्नाच्या अस्तरात लपवू नकोस. तू मला शिवण शिकवलीस, अस्तर मला ओळखता येतं.

भोंग्याला दात येतोय, पहिला. मी घरचीच डॉक्टर, त्यामुळे फी माफ. चिडले असले तरी तुझी आहे, तेव्हा लोभाचं तू बघ.

तुझी,
चिमी


७ एप्रिल

रा. रा. रेडिओवाले यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण माझी पत्रं आपण ऐकत होतात असं कळलं, म्हणजे एका बाजूने ओळख झालेलीच आहे. दुसरी बाजू मी आता पुरी करते.

माझ्या प्रश्नाचं आपण जे उत्तर दिलंत ते मला चिमीकडून समजलं. ते वाचून मी मशीन थांबवलं आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून बसले. तो प्रश्न विचारताना मला वन्संची काळजी होती आणि माझीही होती. कुठली किती, ते मी मापून पाहिलं नाही. आता पाहिलं. माझी जरा जास्तच निघाली.

आमचे हे गेले तेव्हा चिमी दुसरीत होती. वन्संनी एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दिवसा चिमीपाशी त्या आणि रात्री मी. सकाळी त्या कामावरून यायच्या आणि मी दुकान उघडायला निघायचे; दारात आमची गाठ पडायची. घरातला कर्ता कोण असं कुणी विचारलं की आम्ही एकमेकींकडे बोट दाखवायचो. तेव्हा त्यांना एक-दोन स्थळं येऊन गेली. त्यांनी मला कळूही दिलं नाही. ते मला फार पुढे शेजारणीकडून कळलं. अशा बाईला कुणी न्यायला आलं तर मी दारात आडवी पडणार, हे आपण समजून घ्याल.

आता आडवी पडून झाली. माझं उत्तर हो आहे.

पण एक-दोन गोष्टी सांगून ठेवते. त्या चहा पूर्ण निवल्याशिवाय पीत नाहीत आणि मग गार झाला म्हणून कुरकुरतात. कुणी लांबड लावली की मधेच थांबवतात. वाईट वाटून घेऊ नये, ती नोकरीची सवय आहे. त्यांना राग आला की त्या धुणं काढतात, हे आपल्याला कळलंच असेल.

आणि एरियल परत चढवा. आपल्याला कानांची गरज नाही हे मला पटलं. पण वन्संना त्या आवाजांची आहे. त्यांच्या पत्रांत जो जीव आला होता तो मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो सगळाच्या सगळा आपल्यामुळे होता असं समजून आपण फुगू नये. निम्मा उल्कांचा असेल. मंडळाला आकडे आता त्यांच्या नावाने जाऊ देत.

मी दुकानावर मे महिना बंद अशी पाटी लावली आहे. गुडघ्याला विचारलेलं नाही. वन्संचं माप मला तोंडपाठ आहे, आपलं नाही. खांदा, छाती, बाही आणि मनगट नीट मोजून उलट टपाली पाठवा. चिमीकडून मोजून घ्या, स्वतः घेऊ नका. पुरुष श्वास ओढून माप घेतात. कोपराला उसवलेला शर्ट घालून माझ्या नणंदेशी लग्न लागणार नाही.

नवीनच नातं आहे, तेव्हा लोभ जुना असल्यासारखा करावा.

आपली,
वन्संची वहिनी


६ जून

प्रिय वन्सं,
कृ. न. वि. वि.

पोचले. विमानात शेजारच्या बाईला मी सगळी हकिकत सांगितली. तिला झोप हवी होती, पण मग ती उठून बसली आणि शेवटी तिनेही तिच्या नणंदेचं सगळं सांगितलं. ते काही चांगलं नव्हतं. आपलं ऐकून तिला हेवा वाटला.

दुकान उघडलं. मावशींना लग्नाचे फोटो दाखवले. त्यांना रेडिओवाल्यांचा शर्ट फार आवडला, माणूसही बरा आहे म्हणाल्या. सगळ्यांना एकच ऐकायचं असतं, लग्नाच्या दिवशीच्या पहाटेचं. मी सांगताना जरा वाढवून सांगते. घोंगड्या पांघरून आपण गच्चीवर बसलो होतो, भोंगा माझ्या मांडीवर, आणि पूर्वेकडून त्या लांबलचक रेघा यायला लागल्या. मागे धूर ठेवून जाणाऱ्या. तुम्ही कुंभ राशी दाखवत होतात, रेडिओवाले पश्चिमेकडे कललेला त्रिशंकू दाखवत होते, आणि मला दोन्हीकडे मान वळवता येईना. मी प्रत्येक वेळी दिसली, दिसली म्हणत होते. वन्सं, मला मोजून तीन दिसल्या. बाकीच्या वेळी मी तुमच्याकडे बघत होते. तोंड उघडं टाकून वर बघणाऱ्या तुम्ही, कॉलेजात जाणाऱ्या पोरीसारख्या.

मग उजाडलं, तरी तुमचं दोघांचं संपेना. उन्हात, दुकानात, नवे कपडे घालून रेडिओ लावून बसलात. अजून पडतायत, अजून पडतायत. नोंदणी कचेरीत आपण धापा टाकत पोचलो. तिथल्या साहेबांनी तुम्हाला संमती आहे का विचारलं तर तुम्ही हं म्हणालात, आणि त्यांनी नीट हो म्हणा म्हणून सांगितलं. मावशींना मी हे दोनदा सांगितलं. चिमी तर अजून त्यावरून हसते.

घरी आल्यावर पहिले दिवस जड गेले, खोटं कशाला सांगू. घरात शिरलं की मी बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. मग एका सकाळी उठून शिवणाचं मशीन तुमच्या खोलीत हलवलं. तिथे उजेड छान येतो, आणि दुकानातलं उरलेलं काम रात्री घरी करता येतं. तुमचं कपाट हलवलेलं नाही. कॉट भिंतीला लावली. तुम्ही परत आलात की माझी खोली तुमची, मी मशीनपाशी झोपेन.

तिथे काम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुमचा जन्म या घरातला. शाळा, नोकरी, केस पांढरे होणं, सगळं इथेच. सुट्ट्या लागल्या की दुकानात येणाऱ्या बायका माहेरी निघायच्या, घाईने कपडे मागायच्या, आणि तुम्ही कडेच्या स्टुलावर बसून त्यांच्या पिशव्यांकडे बघत राहायचात. मला वाटायचं पिशव्यांची शिवण बघताय. मला माहेर होतं, मावशींना होतं, चिमीलाही आहे. तुम्हाला तेवढं नव्हतं. असणार कसं, घर सोडून कधी गेलातच नाहीत.

आता आहे. डिसेंबरात या. रेडिओवाल्यांनी जन्मात ध्रुव पाहिलेला नाही, त्यांना तो दाखवू. तो जागचा हलत नाही, तेव्हा त्यांनी सावकाश यावं. पण तुम्ही त्यांच्या आठ दिवस आधी एकट्या या. आल्यावर कशाला हात लावायचा नाही. उशिरा उठायचं, केस मोकळे सोडून ओट्यावर बसायचं, आणि सासरच्या तक्रारी सांगायच्या. मी मशीन बंद करून ऐकेन. तक्रारी नसतील तर वाटेत विमानात रचून आणा, पण रिकाम्या हाताने येऊ नका.

माहेरी लोभ आहेच. तो घेऊन जायला या.

तुमची,
वहिनी